विकतची ओळख

सुरुवातीलाच दोन कबुल्या देऊन टाकते.

पहिली सोपी आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी म्हणजे शाळेत आठवड्यातून तीन तास भोगायचा विषय होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

दुसरी कबुली जरा जड आहे. मागच्या वर्षी आपल्या टेक-फेस्टच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा प्रसिद्धीच्या पैशांतून २,५०० रुपये देऊन मी ३०० लिंक विकत घेतल्या. म्हणजे ३०० वेगवेगळ्या वेबसाइट्सवर आपल्या फेस्टचा दुवा लागणार आणि आपण गुगलवर वर चढणार. खर्चाच्या वहीत मी फक्त 'ऑनलाइन प्रमोशन' असं लिहिलं. कमिटीने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज सांगतेय.

त्याचं पुढे काय झालं? चौथ्या पानावरून आपण तिसऱ्या पानावर आलो. मी रूममध्ये पार्टी दिली. तीन आठवड्यांनी पुन्हा चौथ्या पानावर! मग मला त्या ३०० वेबसाइट्स उघडून बघायची बुद्धी झाली. एका पानावर वर ऑनलाइन रमीची जाहिरात, खाली केस वाढवायचं तेल आणि मधोमध आपली 'रोबो-रेस'. ते पान कोणी माणसाने वाचण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून गप्प बसले.

गप्पच राहिलेही असते. पण गेल्या डिसेंबरात एन.एस.एस.च्या ग्रुपबरोबर हेमलकशाला जाणं झालं.

हेमलकसा आपल्या विदर्भातलं, त्यामुळे नाव बहुतेकांना माहीत असतं. गडचिरोली जिल्ह्यातला भामरागड तालुका. आलापल्ली सोडलं की दोन्ही बाजूंना नुसतं जंगल. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. तेव्हा वीज नव्हती, रस्ता नव्हता, पावसाळ्यात नद्यांना पूर आला की जगाशी संबंध तुटायचा. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पेशंटच नव्हते! जंगलातले माडिया लोक शहरी माणसांना घाबरायचे. डॉक्टर आहेत, औषध आहे, फुकट आहे, तरी कोणी फिरकत नव्हतं.

मग हे बदललं कसं? बोर्ड लावून की पत्रकं वाटून? लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना पत्रकाचा काय उपयोग! एखादा पेशंट बरा झाला, आपल्या पायांनी चालत गावी गेला आणि गावाने त्याला पाहिलं. मग त्या गावातून दुसरा आला. पुढे लोक कित्येक मैल चालत, नदीपलीकडच्या छत्तीसगडमधूनही येऊ लागले. १९७६ मध्ये तिथे शाळा सुरू झाली. २००८ मध्ये आमटे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे पुरस्कार पस्तीस वर्षांनी आला, पण बरा होऊन गावी परतलेल्या पेशंटची साक्ष त्याच्या कितीतरी आधीची.

आता गंमत बघा. ज्या १९७३ मध्ये हेमलकशाचं काम सुरू झालं, त्याच वर्षी गुगलचे दोघेही संस्थापक, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, जन्माला आले. १९९८ मध्ये त्यांनी जगापुढे मांडलेली 'पेजरँक'ची कल्पना काय होती? वेबपान स्वतःबद्दल काय सांगतं यावर जाऊ नका, बाकीची पानं त्याच्याबद्दल काय सांगतात ते मोजा. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याच्या बाजूने साक्ष दिली. आणि सगळ्यांच्या साक्षी सारख्या वजनाच्या नसतात. ज्याला स्वतःला चांगल्या साक्षी मिळाल्या आहेत, त्याच्या शब्दाला वजन जास्त. भामरागडच्या जंगलात लोक तोंडातोंडी जे करत होते, तेच स्टॅनफर्डच्या दोन पोरांनी गणितात बसवलं!

आपण इंजिनियर आहोत, तर गणितही करून टाकू. पेजरँकच्या मूळ रीतीत पानाचं वजन त्याने दिलेल्या सगळ्या लिंक्समध्ये सारखं वाटलं जातं आणि त्याला ०.८५ ने गुणतात. समजा एका मान्यवर पानाचं वजन ६ आहे आणि त्याने फक्त ३ लिंक दिल्या आहेत. तर तुमच्या वाट्याला ६ भागिले ३ गुणिले ०.८५, म्हणजे १.७ आले. आता विकतचं पान घ्या. त्याचं वजन १ धरू (तेही उदार मनाने) आणि त्यावर १,००० गिऱ्हाइकांच्या लिंक आहेत. तुमच्या वाट्याला ०.०००८५. अशा ५०० लिंक विकत घेतल्या तरी बेरीज ०.४२५. म्हणजे एका खऱ्या शिफारशीच्या पाव हिस्सा! आजचं गुगल याशिवाय इतर असंख्य गोष्टी बघतं, पण ही भागाकाराची गोष्ट मला २,५०० रुपये देण्याआधी सुचायला हवी होती. एम-थ्रीमध्ये फर्स्ट क्लास मिळवून काय उपयोग?

आता हेमलकशात काय घडलं ते सांगते. तिथून जवळच्याच एका गावात महिलांचा बचत गट आहे. बांबूच्या टोपल्या, सुपं, परड्या बनवतात. (सूप म्हटलं की मला आधी टोमॅटोचं आठवलं, ग्रुपमधली मुलं अजून चिडवतात.) आम्ही उत्साहाने त्यांना वेबसाइट करून द्यायचं ठरवलं. हॉस्टेलवर परत येऊन वर्गणी काढली, ४,००० रुपये जमले. वेबसाइट झाली, पण शोधल्यावर सापडेना. तेवढ्यात एका एजन्सीची ऑफर आली: ४,००० रुपयांत ५०० लिंक, 'पहिल्या पानाची गॅरंटी'. ग्रुपमध्ये दोन तट पडले. माझी रूममेट म्हणाली, "अगं, बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. सगळेच करतात. त्या बायकांनी काय पाप केलंय?"

पैसे गटासाठी जमवले होते, म्हणून गटाच्या सचिव ताईंना फोन लावला. त्या बारावी झालेल्या आहेत, हिशेबाची वही त्यांच्याकडे असते. मी समजावून सांगितलं. त्या मला 'मॅडम' म्हणतात, मला फार लाज वाटते. त्यांनी विचारलं, "मॅडम, एका टोपलीमागे आम्हाला चाळीस रुपये सुटतात. म्हणजे हे पैसे निघायला शंभर टोपल्या विकाव्या लागतील ना?" मी म्हटलं, हो. मग त्या म्हणाल्या, "आणि जे लोक आमचं नाव लावणार, त्यांनी आमची टोपली बघितली आहे का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ३०० वेबसाइट्सपैकी एकानेही आपला फेस्ट बघितला नव्हता.

हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर विकतची लिंक म्हणजे प्रॉक्सी. हजेरीत नाव पुकारलं जातं, 'प्रेझेंट सर' ऐकू येतं आणि बाकावर कोणीच नसतं. एक-दोनदा चालून जातं. पण सरांच्या लक्षात आलं की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागतं, तेही ज्याने प्रॉक्सी मारली त्याचं नाही, ज्याच्यासाठी मारली त्याचं.

हे फक्त लहानांच्या बाबतीत होतं असं नाही. जे. सी. पेनी ही अमेरिकेतली दुकानांची बडी साखळी. २०१० च्या सणासुदीच्या दिवसांत ती गुगलवर कपड्यांपासून फर्निचरपर्यंत असंख्य शोधांत अग्रभागी होती. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की त्यामागे हजारो विकतच्या लिंक आहेत. कंपनीने सांगितलं, आम्हाला याची कल्पना नव्हती, आणि काम पाहणाऱ्या संस्थेला काढून टाकलं. गुगलने कारवाई केली आणि 'लिव्हिंग रूम फर्निचर'मध्ये पहिल्या नंबरावर असलेली कंपनी ६८ व्या नंबरावर गेली. हात दाखवून अवलक्षण! पुढे एप्रिल २०१२ मध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला, तो मुख्यतः अशा लिंक्ससाठीच. २०१६ पासून तर अशा लिंक बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत. म्हणजे शिक्षा होईल न होईल, पैसे मात्र नक्की गेले.

पण रूममेटच्या प्रश्नाला मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. जे. सी. पेनी काही महिने तरी वर होतीच ना? विकतच्या लिंकचा उपयोग कधीकधी होतो, काही काळ होतो. आणि साक्षीवर चालणाऱ्या व्यवस्थेत ज्याला ओळखी आहेत तोच वर राहतो, हेही खरं. हेमलकशाच्या प्रकल्पाबद्दल पुस्तकं आली, २०१४ मध्ये नाना पाटेकरांचा सिनेमा आला. शेजारच्या गावातल्या टोपलीबद्दल कोण लिहिणार? गुगल काही न्यायाधीश नाही. हा अन्याय मला मान्य आहे. फक्त त्यावर औषध म्हणून एजन्सी जे विकते ते औषध नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. ओळख नाही म्हणून खोटी ओळख विकत घेतली, तर खरी ओळख होण्यासाठी ठेवलेले पैसेही संपतात. मोठी कंपनी आपटून पुन्हा उभी राहते. गट शंभर टोपल्यांनी खाली जातो.

पैसे देऊन नाव छापणं हेच वाईट, असंही मी म्हणत नाही. जाहिरात ही जाहिरात म्हणून द्या, बिनधास्त द्या. गुगलचा नियमही तेच सांगतो: पैसे देऊन घेतलेल्या लिंकवर 'नोफॉलो' किंवा 'स्पॉन्सर्ड' अशी खूण करा. नोफॉलो २००५ पासून आहे, स्पॉन्सर्ड २०१९ पासून. त्या लिंकवरून गिऱ्हाईक येऊ शकतं, फक्त तिच्यावर नंबर चढवण्याची आशा ठेवायची नाही. गोंधळ होतो तो जाहिरातीला साक्षीचे कपडे घातले की.

तेव्हा उद्या तुमच्या स्टार्टअपसाठी, काकांच्या दुकानासाठी किंवा पुढच्या फेस्टसाठी अशी ऑफर आली, तर पैसे देण्याआधी पाच प्रश्न विचारा. लिंक कोणत्या पानांवर लागणार, त्यांची यादी आधी दाखवाल का? ती पानं कोणी माणूस वाचतो का? एका पानावर अशा किती गिऱ्हाइकांच्या लिंक आहेत? पैसे थांबवले तर लिंक राहतील की भाड्याच्या खोलीसारख्या जातील? आणि गुगलने कारवाई केली तर त्या काढून द्यायची जबाबदारी कोणाची? आम्ही हे पाचही प्रश्न त्या एजन्सीला पाठवले. पहिल्याचं उत्तर आलं, 'यादी गोपनीय आहे.' बाकीच्यांचं आलंच नाही. 'पहिल्या पानाची गॅरंटी' बद्दल तर गुगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबराची हमी कोणीच देऊ शकत नाही.

मग ४,००० रुपयांचं काय केलं? वेबसाइट पुन्हा लिहिली. मी आधी सगळं इंग्लिशमध्ये, 'आर्टिसनल' वगैरे शब्द घालून लिहिलं होतं. नागपूरची कोणती काकू 'आर्टिसनल बास्केट' शोधणार आहे? आता सरळ 'बांबूचं सूप', 'बांबूची टोपली' असं लिहिलंय. माप, किंमत, टोपली विणायला किती वेळ लागतो, सगळं दिलंय. उरलेल्या पैशांतून टोपल्या विकत घेतल्या आणि सात ठिकाणी पाठवल्या: दोन दुकानं, एक शाळा, झाडांबद्दल आणि घर सजवण्याबद्दल लिहिणारे चौघे. चिठ्ठीत एवढंच, की वापरून बघा, आवडली तर लिहा, नाही आवडली तर आम्हाला सांगा. चार महिन्यांत तिघांनी लिहिलं. एकीने तर टोपलीची कड टोचते असंही लिहिलं. ताईंना कळवलं, तर त्यांनी पुढच्या टोपल्यांची कड बदलली. ५०० विकतच्या लिंक्सपैकी एकीने तरी हे सांगितलं असतं का?

आम्ही अजून पहिल्या पानावर नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी आहोत. आतापर्यंत एकोणीस टोपल्या गेल्या, म्हणजे ताईंच्या हिशेबाने शंभरला अजून एक्क्याऐंशी कमी. रूममेट रोज विचारते, "कुठपर्यंत आलं तुमचं सत्य?" मी नंबर सांगते आणि गप्प बसते.

राहता राहिले फेस्टचे २,५०० रुपये. ते मी दोन हप्त्यांत भरणार आहे, खजिनदाराला तसं पत्र दिलंय. आणि खर्चाच्या वहीत 'ऑनलाइन प्रमोशन' खोडून त्याजागी 'लिंक विकत घेतल्या' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. शुद्धलेखन तपासून घेतलं आहे.