सेफ्टीची टाकी

वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी आमच्या नव्या घराची फरशी पाहिली, किचनचा ओटा हात फिरवून पाहिला, जिन्याच्या रेलिंगचा भाव विचारला. एका काकांनी तर भिंतीवर टिचकी मारून "वीट चांगली वापरलीस हो" असं प्रशस्तिपत्रकही दिलं. संडास-बाथरूमचं पाणी कुठून कसं जातं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. त्यांना कशाला नावं ठेवू, सहा महिने साइटवर उभा राहून मी स्वतःसुद्धा ते विचारलं नव्हतं.

तीन महिन्यांनी ते पाणी स्वतःच सांगायला आलं. एका सकाळी संडासात पाणी ओतलं आणि बाजूच्या न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज करत काळं पाणी वर आलं. त्याच पाण्यात माझे वडील आंघोळीला बसले होते. पुढचं सांगत नाही.

मिस्त्रींना फोन केला. ते आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पाइपात काय नाय. तुमच्याकडं पाणी कमी सोडतेत, त्यानं तुंबतंय. धा बकेटी टाका, आपोआप वाट काढतंय बघा पाणी."

"पाणी आपोआप वाट काढतं." माझं भांडण या एका वाक्याशी आहे. आपल्याकडची निम्मी घरं या वाक्यावर उभी आहेत असं माझं मत झालं आहे. पाणी आपोआप वाट काढतं हे खरंच आहे, पण ते उताराकडे काढतं. तो उतार माणसाला द्यावा लागतो, टेप आणि लेव्हलची नळी घेऊन.

दहा बादल्या टाकल्या. वाट निघाली नाही. शेवटी चर उकरला.

संडासापासून टाकीपर्यंत ४० फूट लांबी. चार इंची पाइपाला साधारण चाळीसास एक ते साठास एक असा उतार धरतात, म्हणजे ४० फुटांत आठ ते बारा इंच. आमच्याकडे निघाला जेमतेम दोन इंच. तोही सरळ नाही, मधे पाइपाला पोट आलेलं. खाली ना वाळू, ना मुरूम. काळ्या मातीत चार ठिकाणी विटांचे तुकडे ठेवून त्यावर पाइप निजवलेला. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याच्या पोराला शिकवायला नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत विटेच्या तुकड्यावर ठेवलेला पाइप एका पावसाळ्यातच खचणार, यात नवल ते काय? वळणावर काटकोनातला एल्बो थेट गाडलेला, तिथे चेंबर नाही. हवा जायला व्हेंट पाइपही नाही. म्हणून तर संडासात पाणी ओतलं की न्हाणीच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जायचं आणि घरभर वास सुटायचा, ज्याला आम्ही तीन महिने 'नव्या रंगाचा वास' म्हणत होतो!

आता मिस्त्रींचं एक म्हणणं न्याय्य आहे, तेही सांगतो. आमच्या धाराशिवला (२०२३ साली नाव बदललं तरी माझ्या तोंडातून अजून उस्मानाबादच निघतं) पाणी जपून वापरायची सवय हाडात मुरलेली आहे. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख. इथे माणूस अर्ध्या बादलीत आंघोळ करतो आणि तांब्यावर भागवतो. गटाराची गणितं मात्र भरपूर पाणी गृहीत धरतात. घाण पुढे ढकलायला प्रवाहाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरचा वेग लागतो. पण यातून निष्कर्ष काय निघतो? पाणी कमी असेल तर पाइप जास्त काळजीने टाकायला हवा. टाकी जवळ हवी, वळणं कमी हवीत, उतार नेमका हवा. पाण्याचा तुटवडा हे निष्काळजीपणाचं कारण कसं होऊ शकतं?

मग उतार का नव्हता? याचं उत्तर द्यायला मला जिवावर येतंय. आमच्या प्लॉटचा उतार आग्नेयेला. आणि वास्तूवाल्याने सांगितलं, टाकी वायव्येलाच हवी. आईच्या समाधानासाठी मी हो म्हणालो. म्हणजे जमीन एकीकडे उतरते आणि आम्ही मैला दुसरीकडे चढवायला निघालो. मिस्त्रींनी तेव्हा नुसती मान हलवली. त्यांनी बोलायला हवं होतं हे खरं, पण मीही विचारायला हवं होतं.

पण मी लिहायला बसलो ते याच्यासाठी नाही. खरी गोष्ट पुढेच आहे.

टाकी उघडायची म्हटल्यावर कळलं की तिला झाकणच नाही. वर सरसकट स्लॅब, त्यावर पार्किंगची फरशी. 'वाईट दिसतं' म्हणून मीच झाकण नको म्हणालो होतो. मिस्त्री म्हणाले, "काळजी करू नका सर. एका कोपऱ्यात स्लॅब फोडतो अन् एक माणूस उतरवतो. पाचशे दिले की तासाभरात मोकळं करून देतंय."

आणि मी काय विचारलं माहीत आहे? "उद्या सकाळी येईल का?"

वडील शेजारी खुर्चीत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "तू उतरशील का?"

मी गप्प बसलो. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच मारून टाकतो. उतरलेला माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. ही बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे, वर्षातून किती तरी वेळा, आणि पान उलटलेलं आहे.

कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली. या दुसऱ्या कायद्याप्रमाणे संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, उतरवणारा तुमच्या-माझ्यासारखा घरमालक असला तरी. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. भरपाईची रक्कम तिप्पट करायची वेळ येते, याचा अर्थ माणसं मरायची थांबलेली नाहीत.

१९९३ म्हटलं की आमच्या भागाला दुसरंच काही आठवतं. ३० सप्टेंबरची ती पहाट. किल्लारी, सास्तूर... दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली. तेव्हापासून इथला साधा माणूसही घर बांधताना विचारतो, "पट्टा टाकला का? स्टील किती घेतलं?" म्हणजे आपण शिकत नाही असं नाही. ज्याने आपण मरू शकतो ते आपण चटकन शिकतो. गटाराने दुसरा कुणी तरी मरतो, म्हणून ते शिकायचं राहून जातं. आणि तो दुसरा कोण, त्याची जात काय, हे आपल्याला न विचारताच माहीत असतं. 'एक माणूस उतरवतो' या वाक्यात त्या माणसाला नावही नव्हतं.

घराच्या या भागाला धनीच नसतो, याचं मूळही मला तिथेच दिसतं. गवंडी म्हणतो ते प्लंबरचं काम, प्लंबर म्हणतो चर मजुराने खणला, मालक त्या बाजूला फिरकत नाही. माझ्या घराच्या नकाशात टाकी म्हणजे एक रिकामा चौकोन होता. पाइप कुठून जातो याची रेघसुद्धा नव्हती. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांसारख्या माणसाने उभा जन्म या 'घाणेरड्या' विषयात घातला. आम्ही त्यांना 'कोकणचे गांधी' म्हणून मोकळे झालो.

काही जण म्हणतील, एवढ्याशा घराला कसला नकाशा आणि कसली चाचणी, खर्च कोण करणार? तर हिशेब ऐका. चर उघडा असताना पाइपाचं खालचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं आणि पातळी उतरते का बघायची, खर्च शून्य. एका चेंबरात टॉर्च आणि दुसऱ्यात आरसा धरून पाइप सरळ आहे का बघायचं, खर्च शून्य. माती लोटण्याआधी टेप लावून फोटो काढायचे, खर्च शून्य. वळणावर चेंबर आणि टाकीला उचलता येणारं झाकण, थोडा खर्च. मला हे सगळं पुन्हा करायला पहिल्या कामाच्या अडीचपट पैसे गेले, फरशी वेगळीच.

मोहेंजोदडोच्या गटारांवरची झाकणं साडेचार हजार वर्षांपूर्वी साफसफाईसाठी उचलता येत होती. माझी टाकी त्या मानानेही मागासलेली होती.

शेवटी स्लॅब फोडला, सक्शनची गाडी बोलावली. माणूस आत उतरला नाही. टाकी आता आग्नेयेला आहे, दोन कप्प्यांची, शोषखड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेलेला. पार्किंगच्या मधोमध लोखंडी झाकण दिसतं. आईला दिशा पटलेली नाही, पण वास गेल्यापासून ती त्यावर बोलत नाही.

आपल्याकडे सेप्टिक टँकला सगळे 'सेफ्टी टँक' म्हणतात. मी पूर्वी हसायचो. आता वाटतं, शब्द बरोबर आहे, फक्त ती सेफ्टी कुणाची, एवढं आपण विचारलेलं नाही.

असो. पाहुणे आले की हल्ली मी त्यांना ओटा दाखवत नाही, आधी झाकण उचलून दाखवतो. काही जण नाकाला रुमाल लावतात. लावू देत.