वय झालं, म्हणून झोपवूनच ठेवायचं?

‘आता या वयात कशाला त्यांना चिरफाडीचे हाल?’ नव्वदीच्या आसपासच्या आजी घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, धास्ती असते आणि खरं सांगायचं तर खर्चाचा हिशेबही असतो. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण या एका वाक्यापायी किती आज्या उरलेले दिवस खाटेवर काढतात, हे मंडळाच्या कामानिमित्त घरोघरी जाताना दिसतं. म्हणून मैत्रिणींनो, आज हा विषय.

मुळात हे हाड मोडायला मोठा अपघात लागत नाही. मोरीत पाय सरकला, उंबरठ्याला ठेच लागली, रात्री अंधारात उठताना तोल गेला, एवढं पुरतं. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, त्यामुळे हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांच्या वाट्याला जास्त. पडल्यावर उभं राहता येत नाही, जांघेत कळ येते, पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळतं. कधी कधी हाड एकमेकांत रुतून बसतं आणि आजी लंगडत चालतातही! म्हणून पडल्यानंतर जांघ दुखत असेल तर एक्स-रे काढायलाच हवा. तेल लावून चोळणं, पाय ओढून बघणं, हाडवैद्याकडे नेणं यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा.

आता मुद्द्याचं. आपल्याला वाटतं, ऑपरेशन धोक्याचं आणि झोपून राहणं बिनधोक. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा उलट असतं. आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, लघवीचा संसर्ग होतो, माकडहाडापाशी जखमा होतात. अंगातली उरलीसुरली ताकद तर पाहता पाहता जाते. शिवाय मांडीच्या हाडाच्या मानेपाशी मोडलं आणि तुकडे सरकले, तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग कितीही झोपवून ठेवलं तरी ते हाड जुळून येणं अवघड. म्हणून अशा वेळी डॉक्टर बहुधा तो गोळा काढून कृत्रिम बसवतात. त्याच्या खाली मोडलं असेल तर आत सळई किंवा पट्टी-स्क्रू घालून जोडतात. बऱ्याचदा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालीच भूल देतात, पूर्ण बेशुद्ध करावं लागतंच असं नाही.

म्हणजे ऑपरेशन हे आयुष्य वाढवायचा हट्ट नव्हे. दुखणं कमी व्हावं, कूस बदलता यावी, खुर्चीत बसता यावं, एवढ्यासाठी ते असतं.

यात वेळेला फार महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये २०११ साली सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आली. दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला उठवून उभं करणं, असं त्यात सांगितलं आहे. २०२० साली भारतासह १७ देशांतल्या जवळजवळ ३,००० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही तासांतच ऑपरेशन केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, पण बरळणं-भ्रम होणं कमी झालं, दुखणं कमी राहिलं आणि माणसं लवकर उभी राहिली. तेव्हा ‘मुंबईचा मुलगा रविवारी येईल, मग ठरवू’ हे परवडणारं नाही. बीपी आहे, शुगर आहे, एवढ्यावरून ऑपरेशन बाद होत नाही. रक्त कमी असेल, छाती भरली असेल तर ते उपचार ताबडतोब सुरू करून पुढे जाता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगावी.

इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या आई १९९८ साली ९७ व्या वर्षी पडल्या आणि खुबा मोडला. त्यांचा सांधा बदलला. त्यानंतर त्या चार वर्षं जगल्या, २००२ साली १०१ व्या वर्षी गेल्या. राजवाड्यातली गोष्ट वेगळी, कबूल आहे. पण नुसता वयाचा आकडा बघून नाही म्हणू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. सगळे उपचार करूनही खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण चार-पाचांतलं एक वर्षभरात जातं. ज्या आजी आधीपासूनच अंथरुणाला खिळल्या आहेत, माणसं ओळखत नाहीत, दुसऱ्या आजाराने अखेरच्या टप्प्यात आहेत, त्यांच्यासाठी ऑपरेशन न करणं हाही योग्य निर्णय असू शकतो. नेदरलँड्समध्ये वृद्धाश्रमातल्या अगदी थकलेल्या रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. नीट चर्चा करून ज्यांनी ऑपरेशन टाळलं, त्यांचे उरलेले दिवस ऑपरेशनवाल्यांपेक्षा वाईट गेले नाहीत. पण ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाहीत, असं मुळीच नाही. वेदना थांबवणारी औषधं, कूस बदलणं, स्वच्छता हे सगळं तितक्याच मनापासून करावं लागतं. घरी आणून कोपऱ्यात टाकणं हा काही निर्णय नव्हे!

म्हणून डॉक्टरांना वयाबद्दल न विचारता हे विचारा: पडायच्या आधी त्या चालत होत्या का? ऑपरेशन केलं तर काय होईल, नाही केलं तर काय होईल? आणि हो, शुद्धीवर असलेल्या आजींनाही विचारा. दारात मुलगे, जावई, पुतणे उभे राहून ठरवतात. जिचा पाय तिलाच कुणी विचारत नाही. ही आपल्या घरांतली जुनी खोड आहे. पैसे आजोबांसाठी सहज निघतात आणि आजींच्या वेळी ‘वय झालं’ आठवतं, असं तर होत नाही ना, हेही स्वतःला विचारून बघावं.

खर्चाचं काय? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. त्यावर कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात होतात. कार्ड आजच काढून ठेवा. दाखल होताना रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्यांदा भेटा.

ऑपरेशननंतरची लढाई घरात असते आणि ती बहुतेक सुनेच्या अंगावर येते. दुखतंय म्हणून झोपवून ठेवू नका. वेळेवर वेदनाशामक द्या आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वॉकर धरून उठवा. जमिनीवर, उकिडवं बसवू नका, कमोडची खुर्ची आणा. डाळ, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, असं ताकदीचं पोटात जाऊ द्या. आजी रात्री असंबद्ध बोलू लागल्या तर ‘वेड लागलं’ म्हणून रागावू नका. चष्मा, कानाचं मशीन द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा, डॉक्टरांना कळवा. आणि ठिसूळ हाडांवरचं औषध मागून घ्या, ते नेमकं राहून जातं. वर्षातून एकदा देण्याचं एक इंजेक्शन आहे. २००७ सालच्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर ते दिल्याने पुन्हा हाड मोडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं होतं. ते आपल्या आजींना चालेल का, हे डॉक्टरच सांगतील.

हे सगळं एकट्या सुनेने करायचं का? अजिबात नाही. रात्रीची पाळी मुलाने, दुपारची नातवाने, असं वाटून घ्या. सासूबाईंना उभं करायचं असेल, तर सुनेलाही आडवं होऊन चालणार नाही!