कच्चा जोड त्यांचा, भुर्दंड आपला



कपाशी बोंडावर येते, पाऊस ताण देतो, विहिरीत जेमतेम एका भिजवणीपुरते पाणी असते. आणि नेमकी तेव्हाच मोटार जळते. रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागलेली असते. मोटार परत येईपर्यंत पात्या-फुले गळून जातात. मग दोष कोणाला? शेतकऱ्याला. ‘तुम्ही लोड वाढवता, आकडे टाकता, हलकी मोटार घेता.’ यात काहीच खरे नाही असे मी म्हणत नाही. पण आणखी एक कारण आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ते म्हणजे तारेचा जोड.

गावात येणाऱ्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात. त्याबद्दल तक्रार नाही. ॲल्युमिनियम स्वस्त आहे. त्याचे वजन तांब्याच्या एक तृतीयांशाहून कमी आणि वीज वाहण्याची ताकद तांब्याच्या 61 टक्के. पण डीपीच्या बुशिंगचा दांडा आणि स्टार्टरची टर्मिनले बहुधा तांब्याची किंवा पितळेची असतात. बोअरमधून वर येणारी केबल तांब्याची असते. तिथे या दोन धातूंची गाठ पडते. आपल्याकडे ही गाठ कशी मारतात? दोन तारांना पीळ द्यायचा आणि वर काळी टेप गुंडाळायची!

हा जोड टिकत नाही, याची तीन कारणे आहेत. ॲल्युमिनियमवर हवेने लगेच एक पातळ थर चढतो आणि त्या थरातून वीज जात नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त फुगते, त्यामुळे मोटार चालू-बंद होताना जोड रोज थोडा थोडा ढिला होतो. आणि ओल लागली की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते. ढिला जोड तापतो, तापलेला आणखी ढिला होतो, शेवटी एक फेज जाते. सिंगल फेज प्रिव्हेंटर नसेल किंवा रिले बांधून ठेवलेली असेल, तर मोटार दोन फेजवर ओढत राहते आणि तिची वायंडिंग जळते.

हे फक्त आपल्या अडाणीपणामुळे होते असे कोणी समजू नये. अमेरिकेत 1965 ते 1973 या काळात लाखो घरांत ॲल्युमिनियमच्या तारा टाकल्या गेल्या. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पाहणीत असे दिसले, की 1972 पूर्वीच्या अशा घरांत एखादा जोड आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या तारा असलेल्या घरांच्या 55 पट होती. तारेत बिघाड नव्हता, जोडात होता.

मग वेल्डिंग का करत नाहीत? ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, तांबे 1085 अंशांना. दोन्ही एकत्र वितळवले तर मध्ये काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो आणि जोड तुटतो. यावरचा उपाय घर्षणात सापडला. वंगण नसलेल्या बैलगाडीचा आस कसा तापतो ते आपल्याला ठाऊक आहे. तेच तत्त्व सोव्हिएत रशियात चुडिकोव नावाच्या कामगाराने 1956 मध्ये कामाला लावले. एक दांडा घट्ट धरायचा, दुसरा त्याच्या तोंडावर दाबून गरगर फिरवायचा. तोंडे तापून मऊ होतात, पण वितळत नाहीत. मग फिरणे थांबवून जोराने दाब द्यायचा. वरचा खराब थर कड्यासारखा बाहेर फेकला जातो आणि आतला स्वच्छ धातू धातूला भिडतो. काम काही सेकंदांचे. ठिसूळ थर तयार होतो, पण केसापेक्षाही पातळ.

हे काम शेतात होत नाही, कारखान्यात होते. तिथून तयार होऊन येतो तो ‘बायमेटल लग’: एका बाजूला ॲल्युमिनियमची नळी, दुसऱ्या बाजूला तांब्याची पट्टी, मध्ये घर्षणाचा जोड. ॲल्युमिनियमची तार ॲल्युमिनियमच्या नळीत जाते, तांबे तांब्यावर बसते. मात्र नळी तारेच्या मापाची हवी आणि ती योग्य डायने दाबलेली हवी. हातोडीने ठोकून बसवलेला लग म्हणजे पुन्हा जुनाच रोग. आणि एक ध्यानात ठेवा: डीपीवर स्वतः चढू नका. ते काम परवाना असलेल्या माणसाचे. तिथे चढून आपले किती भाऊ गेले, ते वेगळे सांगायला नको.

‘असा लग महाग पडतो’ हे उत्तर मिळेल. साध्या लगापेक्षा महाग पडतो, हे खरे. पण लगाची किंमत एका बाजूला ठेवा, आणि रिवाइंडिंगचे बिल, वाहतूक, बुडालेली मजुरी व गळालेली बोंडे दुसऱ्या बाजूला. हिशेब पाचवीतले पोरही करील. अडचण हिशेबाची नाहीच. लगाचे पैसे वाचतात वीज कंपनीचे किंवा ठेकेदाराचे आणि मोटार जळते शेतकऱ्याची. ज्याला झळ बसत नाही, तो जोड कशाला सुधारील?

म्हणून जिल्हा बैठकीत एवढा ठराव करावा: नवी जोडणी असो की डीपीची दुरुस्ती, अंदाजपत्रकात बायमेटल लग असा स्पष्ट उल्लेख हवा, आणि काम झाल्यावर तो बसवलेला शेतकऱ्याला दाखवला पाहिजे. आपल्या स्टार्टरजवळचा आणि बोअरवरचा जोड मात्र आपण आपल्या खर्चाने सुधारू. आपल्या हद्दीतले आपण करायचे, त्यांच्या हद्दीतले त्यांच्याकडून करून घ्यायचे. यात भीक कसलीही नाही. विजेचे बिल येते, तर जोडही धड यायला हवा.