ट्रॉनहाइमचे वादक

गेल्या चातुर्मासांत आमच्या घरीं एक लहानसा तह झाला. थोरला नातू माडीवर जें संगीत लावून बसतो, तें माजघरांतील वडील मंडळींस सहन होईना. तें बंद करविण्याचें काम वयोमानानें माझ्याकडे आलें. मी जिना चढून वर गेलों. नातू शांतपणें म्हणाला, "आजोबा, न वाचलेल्या काव्याची निंदा तुम्हीं वर्गांत कोणास करूं दिली असती काय?" यावर मजजवळ उत्तर नव्हतें. महिनाभर मीं ऐकावें व मग निकाल द्यावा, असें ठरलें. प्रस्तुत लेख हें त्या महिन्याचें फळ होय.

नॉर्वे देशांत समुद्राच्या एका खोल फांट्याच्या कांठीं ट्रॉनहाइम नांवाचें प्राचीन नगर आहे. तेथें १९८९ सालीं कांहीं तरुणांनीं 'मोटरसायको' हा वाद्यवृंद स्थापन केला. नांव १९६५ सालच्या एका अमेरिकन चित्रपटावरून घेतलेलें आहे. तो चित्रपट घरच्या मंडळींसह पाहण्याजोगा नाहीं, एवढेंच सांगून पुढें जातों. बेंट सेतर हा गातो व बेस गिटार वाजवितो, आणि हान्स मागनुस रियान हा गिटार. हे दोघे आरंभापासून आजतागायत एकत्र आहेत. तालवाद्याच्या आसनावर मात्र माणसें येत-जात राहिलीं.

यांच्या संगीतास 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. या प्रकाराचा उगम एकोणीसशें साठाच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांत झाला. तीन मिनिटांचें गाणें ही मर्यादा त्या वादकांस जाचूं लागली, आणि एकेक रचना पंधरा-वीस मिनिटें चालूं लागली. यांत आपणांस नवल वाटण्याचें कारण नाहीं. विलंबित ख्याल रंगावयास किती अवधि लागतो हें आपण जाणतोंच, आणि तोच ख्याल जुन्या तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या कोंडवाड्यांत घालतांना आपल्या गवयांचे काय हाल झाले हेंही आपण ऐकून आहों. भेद इतकाच कीं, आपला गवई एकच राग उलगडीत जातो. हे लोक वाटेंत प्रदेशच बदलतात.

मोटरसायकोची पहिली मोठी तबकडी 'लोबोटोमायझर' १९९१ सालीं निघाली. ती मीं एकदांच ऐकली. १९९३ सालच्या 'डीमन बॉक्स' या संग्रहांतील त्याच नांवाची रचना सुमारें १७ मिनिटांची आहे. तिच्यांतील कोलाहलापुढें मी हात टेकले, हें प्रांजळपणें कबूल करतों. १९९४ सालच्या 'टिमथीज मॉन्स्टर'पाशीं मात्र मी थबकलों. त्यांत अगदीं हळुवार, अंगणांत बसून म्हटल्यासारखीं गाणीं आहेत, आणि त्यांच्याच शेजारीं 'द व्हील' ही एकच लय चक्राप्रमाणें फिरवीत नेणारी दीर्घ रचना आहे. त्याच वर्षीं त्यांनीं 'द टसलर' नांवाच्या चित्रपटाचें संगीत म्हणून एक तबकडी काढली. मौज अशी कीं, तसा चित्रपट कोणीं काढलाच नव्हता!

पुढें २००० सालीं 'लेट देम ईट केक' निघाली. कर्कश गिटारांच्या जागीं तंतुवाद्यें व पितळी वाद्यें आलीं, चाली नाजूक झाल्या. ज्यांनीं यांना गडगडाटासाठीं डोक्यावर घेतलें होतें, ते बुचकळ्यांत पडले असतील यांत नवल तें काय? मान मिळालेली गोष्टच पुन्हा पुन्हा करीत राहणें हा सोपा मार्ग त्यांनीं घेतला नाहीं. मी ३२ वर्षें तोच 'रघुवंश' त्याच टिपणांवरून शिकविला. त्यामुळें या ठिकाणीं मला थोडें ओशाळल्यासारखें झालें.

१९९१ पासून ताल सांभाळणारा होकोन गेबहार्ट २००५ सालीं निघून गेला. चौदा वर्षांचा साथी गेला असतां मेळ मोडतो, असा सर्वत्रचा अनुभव आहे. उरलेल्या दोघांनीं दुसरा शोधण्याची वाट न पाहतां काम सुरू केलें. बहुतेक तालवाद्यें सेतरनें स्वतःच वाजविलीं, आणि २००६ सालीं जोड-तबकडी बाहेर आली. तिचें नांव 'ब्लॅक होल, ब्लँक कॅन्व्हस', म्हणजे कृष्णविवर आणि कोरा फलक. पुढें केनेथ कापस्टाड आला, आणि २००८ सालच्या 'लिटल ल्यूसिड मोमेंट्स'मध्यें अवघ्या चार रचनांनीं जवळजवळ एक तास भरून काढला.

परंतु ज्या कृतीनें माझें मत फिरलें ती 'द डेथ डिफाइंग युनिकॉर्न'. मोल्डे येथील जॅझ महोत्सवासाठीं ती सिद्ध झाली. २०१० सालीं तेथें सादर होऊन २०१२ सालीं ती दोन तबकड्यांवर निघाली. स्टोले स्टोरलोक्कन हा कळफलक-वादक तिचा सहकर्ता आहे. शिवाय ट्रॉनहाइमचा जॅझ वाद्यवृंद, तेथील तंतुवादकांचा मेळा आणि ओला क्वर्नबर्ग याचें व्हायोलिन. कथा समुद्रावरील एका दुर्दैवी सफरीची आहे. वारा पडून जहाज खोळंबतें, भोंवऱ्यांत सांपडतें, खलाशी बंड करतात. मध्यें प्रोटियस या ग्रीक सागरदेवतेची प्रार्थना आहे, आणि पुढें त्याच देवतेस उद्देशून विलाप आहे. हें ऐकतांना मला युद्धकांडांतील राम आठवला. तोही दर्भासनावर तीन रात्री सागराची आराधना करीत राहिला, आणि सागर बोलला नाहीं. तेथें रामाच्या हातीं धनुष्य तरी होतें. या खलाशांपाशीं कांहींच नाहीं. प्रार्थनेचा विलाप कसा होतो, हें शब्द फारसे न कळतांही मला कळलें, आणि नातवासमोर चष्मा पुसावा लागला.

ट्रॉनहाइममध्यें निदारोस नांवाचें भव्य मंदिर आहे. १०३० सालीं रणांत पडलेल्या ओलाव्ह राजाच्या समाधीस्थानीं तें उभें आहे. २०११ सालच्या ओलाव्ह महोत्सवांत या मंडळीनें स्टोरलोक्कनसह त्या मंदिरांत मैफल केली. पदें कार्ल फ्रोडे टिलर या कादंबरीकाराचीं. रॉक वाजविणाऱ्यांस आपल्या मुख्य मंदिरांत बोलवावयाचें, हा त्या गांवाचा मोठेपणा मला विशेष वाटतो. त्याच महोत्सवासाठीं त्यांनीं २०१९ सालीं चित्रकार होकोन गुल्व्होग याच्या चित्रांसह व नृत्यासह एक दीर्घ रचना केली. ती २०२० सालच्या 'दि ऑल इज वन'मध्यें आहे. 'द टॉवर' (२०१७) व 'द क्रूसिबल' (२०१९) या तबकड्यांच्या वेष्टनांवरही याच चित्रकाराचीं चित्रें आहेत. कापस्टाड २०१६ सालींच गेला होता. या तिन्हींत ताल धरला आहे तो स्वीडनच्या टोमास येर्मीरनें. पुढें तोही गेला. दोघांचें काम चालूंच राहिलें. २०२५ सालीं निघालेल्या जोड-तबकडीस त्यांनीं केवळ 'मोटरसायको' एवढेंच नांव दिलें.

महिना संपल्यावर निकाल द्यावयाचा होता. खरी अडचण आमच्या थोरल्या वहिनींची होती, कारण तक्रार मूळ त्यांचीच. एके दिवशीं तिन्हीसांजेस दिवा लावून झाल्यावर वरून निदारोसमधील ऑर्गनचे स्वर येऊं लागले. वहिनी जिन्याशीं उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "हें देवळांतलें का हो, भाऊजी?" मीं होय म्हटलें. त्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि तें संपेपर्यंत उठल्या नाहींत.

ठरलें तें असें : रात्रीं साडेआठपर्यंत नातवास मोकळीक. मात्र परीक्षेच्या दिवसांत नाहीं, आणि 'डीमन बॉक्स' घरांत सर्व बाहेर गेले असतांच.