टाइलला नको, सांध्याला हवा

सीलरशी माझं भांडण नाही, तो मीच विकते. नाशकात माझं टाइल्सचं दुकान आहे. दिवाळीआधी रंगकाम निघालं की कुणीतरी हमखास विचारतं, “ताई, फरशीवर मारायचं ते केमिकल आहे का? चमक येते म्हणे.” मी विचारते, फरशी कसली आहे? तिथंच घोडं अडतं. रंग आणि डिझाइन यावर घरात आठवडेच्या आठवडे वाद घातलेले असतात, पण पायाखाली व्हिट्रिफाइड आहे, सिरॅमिक आहे की कोटा, याचा पत्ता नसतो. दुकानदार देईल ती बाटली घ्यायची आणि घरी जायचं. आमच्या धंद्यातली बरीच विक्री या अज्ञानावर चालते, आणि ती चालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोरबीहून येणारी व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही. मग तिच्यात सीलर मुरणार कुठे? तो वरच राहतो, चिकट होतो, त्यावर पावलं उमटतात आणि आठवड्याभरात फरशी कळकट दिसायला लागते. बाथरूमच्या भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते खरी, पण मागच्या अंगानं. पुढून तिला काचेसारखा ग्लेझ असतो. तिलाही सीलरची गरज नाही.

गरज आहे ती सांध्यांना. हजारो रुपयांची टाइल आणायची आणि सांधे मात्र मिस्त्रीच्या मर्जीवर सोडायचे, ही आपल्याकडची रीत. मिस्त्री व्हाइट सिमेंट कालवतो, रबरानं दाबतो, पुसतो आणि मोकळा होतो. मोरीतले सांधे वर्षभरात काळे पडतात, ओट्यामागचे हळदीनं पिवळे. मग घरात ॲसिडची बाटली येते. नाशिकच्या आसपास बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग घरोघरी आहेत, त्यामुळे ॲसिड न वापरणारं घर शोधावं लागेल. ॲसिड ओतलं की फेस येतो आणि घाण निघतेय असं वाटतं. त्या फेसात सांध्यातलं सिमेंटही निघालेलं असतं. कोटा, शहाबादी, कडप्पा, संगमरवर या सगळ्यांत चुना असतो, तिथं तर फरशीच खाल्ली जाते. अशा खडबडीत झालेल्या दगडावर नंतर कुठलाही सीलर मारला तरी तकाकी परत येत नाही. दगड घासूनच घ्यावा लागतो.

नवं काम करत असाल तर मोरी, संडास आणि ओट्यामागे सांध्यांत एपॉक्सी ग्राउट भरा. महाग पडतं, मिस्त्री कुरकुरतो, कारण ते वेळेत पुसलं नाही तर टाइलवर दगडासारखं बसतं. पण त्यावर सीलर लावावा लागत नाही. सिमेंटचं ग्राउट आधीच भरलेलं असेल, किंवा खाली कोटा, शहाबादी, जुनी चिपांची मोझॅक, फिकट ग्रॅनाइट असेल, तर मात्र सीलर घ्या. शंका असेल तर चार थेंब पाणी टाका आणि दहा मिनिटं थांबा. खालची जागा गडद झाली तर फरशी पाणी पितेय. थेंब तसाच बसून राहिला तर पैसे खिशात ठेवा.

दुकानात दोन जाती मिळतात. एक आत मुरणारी, दुसरी वर थर धरणारी. थरवाली लगेच चमकते म्हणून जास्त खपते. मी ती मोरीसाठी देत नाही, ओल्या पायाखाली घसरायची भीती असते. तळमजल्यावर जमिनीतून ओल येते तिथंही नाही. ओल वरच्या थराखाली कोंडते, लोणा धरतो आणि थराचे पापुद्रे सुटतात. मुरणारा सीलर दिसत नाही, चमकत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. त्याचं काम एवढंच, की सांडलेलं तेल किंवा हळद आत जायच्या आधी पुसायला तुम्हाला वेळ मिळावा. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी दगडावर उठणारा फिकट डाग तो अडवत नाही. हे सांगितलं की काहीजण बाटली परत ठेवतात, ठेवू देत.

लावायचं काम अवघड नाही, घाई नडते. पावसाळ्यात हात घालू नका. फरशी साध्या साबणानं धुवा, साबणाचा अंश राहू देऊ नका आणि पूर्ण सुकू द्या. नवं ग्राउट असेल तर पाकिटावर लिहिलेले दिवस पाळा. आधी दाराआडच्या कोपऱ्यात लावून रंग बदलतो का पाहा. पातळ हात द्या, पाच-दहा मिनिटांनी न मुरलेला सीलर कोरड्या फडक्यानं पुसून काढा. मिस्त्री हे पुसणंच टाळतात, आणि मग फरशी चिकट झाली म्हणून बोल बाटलीला. सॉल्व्हंटचा वास येणारा माल असेल तर खिडक्या उघड्या आणि गॅस बंद. दिवसभर पाणी लागू देऊ नका.

भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट टिकत नाही, तिथं हालचाल असते. तिथं बुरशी न धरणारं सिलिकॉन भरा. संगमरवराजवळ व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, न्यूट्रल मागा.

आणि एक, सोसायटीतल्या भांडणांसाठी. खालच्या घरात गळती होतेय म्हणून वरच्याला सीलर मारायला सांगणारे ठेकेदार फिरतात. सीलर म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. गळती थांबवणारा थर टाइलच्या खाली असतो. तो गेला असेल किंवा पाइपचा सांधा सुटला असेल, तर टाइल उखडण्यावाचून बहुधा इलाज नसतो. वरून मारलेल्या औषधानं एक पावसाळा निभावला तर नशीब समजा.

ग्राहकांना माझी एकच विनंती. नव्या घराचा ताबा घेताना बिल्डरकडून किंवा काम संपल्यावर ठेकेदाराकडून लिहून घ्या: टाइल कुठल्या जातीची, ग्राउट सिमेंटचं की एपॉक्सी, खाली वॉटरप्रूफिंग कशाचं. तो कागद घेऊन माझ्या दुकानात या.