नेपानगरचा कागद, जबलपूरची रद्दी

सार्वजनिक क्षेत्रातील एखादा उद्योग अडचणीत आला की मते दोनच ऐकू येतात : तो विकावा, किंवा त्यास आणखी निधी द्यावा. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगरच्या कागद गिरणीचा इतिहास मात्र तिसराच प्रश्न पुढे ठेवतो. गिरणीला लगदा कोठून मिळणार?

25 जानेवारी 1947 रोजी ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ ही कंपनी खाजगी उपक्रम म्हणून स्थापन झाली. भांडवल अपुरे पडल्याने 1949 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने ती ताब्यात घेतली. त्या वेळी राजधानी नागपूर होती आणि जबलपूर त्याच प्रांतातील एक प्रमुख शहर होते. 1955 मध्ये उत्पादन सुरू झाले व 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंनी गिरणी राष्ट्रास अर्पण केली. त्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, गिरणी मध्य प्रदेशात राहिली आणि नव्या राज्याचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. पुढे गिरणीचे नियंत्रण केंद्र सरकारकडे गेले.

सातपुड्यातील सलई आणि बांबू हा गिरणीचा मूळ आधार. सलईचा लगदा यंत्राने दळून काढीत आणि कागदास बळकटी यावी म्हणून त्यात बांबूचा लगदा मिसळीत. वृत्तपत्रांसाठी कागद बनविणारी 1981 पर्यंत ही देशातील एकमेव गिरणी होती. आयातीवर नियंत्रण असल्याने ग्राहक शोधावा लागत नव्हता. परंतु जंगल अमर्याद नव्हते. 1995 मध्ये आयात खुली झाली आणि ग्राहकही हक्काचा राहिला नाही. जुनी यंत्रे व महाग लगदा यांच्या बळावर परदेशी कागदाशी स्पर्धा करणे कठीण होते. आधुनिकीकरणासाठी 2016 मध्ये उत्पादन थांबले, 2018 मध्ये केंद्राने 469 कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली आणि ऑगस्ट 2022 मध्ये यंत्रे पुन्हा फिरू लागली. आता कच्चा माल म्हणजे रद्दी.

येथेच जबलपूरचा संबंध येतो. उच्च न्यायालय, रेल्वेचे विभागीय मुख्यालय, विद्यापीठे, बँकांच्या शाखा. या शहरात पांढऱ्या कागदाचे ढीग दररोज साचतात. जबलपूरहून इटारसी, खांडवामार्गे मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच नेपानगर आहे. कागदाचा तंतू प्रत्येक पुनर्वापरात आखूड होत जातो. साधारणपणे पाच-सात फेऱ्यांनंतर तो निरुपयोगी ठरतो. म्हणून वर्तमानपत्राच्या रद्दीपेक्षा कार्यालयीन कागदाचा सबळ तंतू गिरणीस अधिक मोलाचा असतो.

यावर आक्षेप घेता येतील. छपाईयंत्राची भुकटी शाईपेक्षा चिवट असते. न्यायालयीन व बँकेची कागदपत्रे गोपनीय असल्याने ती तुकडे करूनच द्यावी लागतील. भंगारवाला रोख दर देतो. सरकारी गिरणीचे बिल केव्हा मिळेल, ही शंका राहते. पहिल्या दोन अडचणींवर तांत्रिक उपाय आहेत. तिसरी मात्र खेळत्या भांडवलाची आहे आणि तीच निर्णायक आहे. रद्दी रोखीने घ्यावी लागते, कागद उधारीवर विकला जातो. मधल्या काळाची तरतूद नसेल तर नवी यंत्रेदेखील उभीच राहतात.

म्हणून अशा उद्योगाची परीक्षा मंजूर निधीच्या आकड्यावरून करू नये. कच्च्या मालाचे दीर्घ मुदतीचे करार किती, पुरवठादाराचे पैसे किती दिवसांत चुकते होतात आणि वृत्तपत्रांची मागणी घटत असताना लिहिण्या-छापण्याच्या कागदाकडे वळण्याची तयारी किती, हे तीन निकष पुरेसे आहेत. जंगलाच्या आधारावर गिरणी एकदा उभी राहिली होती. आता तिचा आधार शहरांत आहे. तो नियमाने गोळा करणे व त्याचे मोल वेळेवर देणे, एवढी शिस्त पाळली तरच जनतेचा पैसा सार्थकी लागेल.