मावळे, सामुराई आणि आमेर

आमेरला मावठा तलावाकाठी उभं राहून वर पाहिलं की दिवाळीतला किल्लाच आठवतो: डोंगर, वळणाची वाट, माथ्यावर महाल. अळिवाची हिरवळ तेवढी नाही. १६६५ साली पुरंदरच्या तहात आपले २३ किल्ले घेणारा मिर्झाराजा जयसिंग इथलाच, वरचा शीशमहालही त्यानंच बांधवलेला. आमच्या मातीच्या किल्ल्यावर मात्र त्याचं चित्र कधी मांडलं गेलं नाही.

मातीच्या किल्ल्याऐवजी टेबलावर २८ मिलिमीटरचे सैनिक रंगवून लढाया खेळणाऱ्या मंडळींना ‘मुगल-ए-आझम’मधल्या (१९६०) अफाट फौजेपेक्षा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) जवळचा वाटतो. सात माणसं, एक गाव, एक कुंपण. लुटारू पडला की कागदावरचं एक वर्तुळ खोडायचं. म्हणजे पडद्यावर डावच मांडलाय की! ‘झुलू’चंही (१९६४) तेच: एक ठाणं, मूठभर शिपाई. अकबराची फौज रंगवायला घेतली तर तीन दिवाळ्या जातील, आणि घरचे बोलतील ते वेगळंच.

यंदा आमच्या बुरुजाखाली एक रजपूत स्वार आहे. पगडीचा लाल रंग अजून ओला आहे, हात लावू नका.